होळीच्या दिवशी जळलेलं छप्पर

त्या आगीचा विषय निघाला की आजही माझं डोकं तापतं. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, शहरातल्या रिकार्टन भागात लहानसं घर घेतलं, मागच्या अंगणात मेथी लावली, बायको म्हणते आता तरी सोडा. नोकरीत मी खून पाहिले. दारूच्या नशेत झाडावर आदळलेल्या गाड्यांतून कोवळी पोरं बाहेर काढली. त्या सगळ्यांचा माझ्यापुरता निकाल लागलेला आहे. या प्रकरणात तर आगीने कोणाला साधं भाजलंही नाही, तरी नेमकं हेच राहून गेलं आहे.

मी नाशिकच्या पोलीस वसाहतीत वाढलो. वडील हवालदार होते. बायकोला न्यूझीलंडमध्ये फार्मासिस्टची नोकरी लागली म्हणून आम्ही इकडे आलो आणि तिशी उलटल्यावर मी इथल्या पोलिसात भरती झालो. शेवटची नेमणूक कँटरबरीच्या मैदानी प्रदेशातल्या एका लहान गावात होती. अशा गावातल्या ठाण्याला एकच माणूस असतो. तोच ठाणेदार, तोच हवालदार, तोच कारकून, आणि तक्रारदार थंडीने कुडकुडत आला तर चहा करणाराही तोच. पुढे ठाणं, मागे घर. दारावरची घंटा वाजली की जेवणावरून उठायचं.

गाव म्हणजे इंग्लंडमधलं खेडं उचलून इथे आणून ठेवलेलं. नावसुद्धा तिकडच्याच एका खेड्याचं. मध्ये हिरवळीचा चौक, कडेने ओकची जुनी झाडं, दगडी चर्च, बदकांचं तळं, क्रिकेटचं मैदान आणि घराघराला कात्रीने सरळ कापलेली झुडपांची कुंपणं. जहाजातून आलेल्या पहिल्या काही कुटुंबांनी बिया, रोपं, मेंढ्या, चर्चची घंटा, सगळं बरोबर आणलं होतं. त्यांनी बांधलेलं पहिलं घर चौकाच्या टोकाला होतं. माती आणि गवत तुडवून रचलेल्या हातभर जाडीच्या भिंती, वर गवताचं छप्पर. आपल्याकडच्या माणसाला त्यात काय नवल वाटणार? पण गावाने ते जिवापाड जपलं होतं. आत लाकडी पाळणा, लोणी घुसळायचं पिंप, जुनं बायबल. दारावर पाटी होती, 'या गावाचा इतिहास इथून सुरू होतो.'

गावच्या अग्निशमन दलाची प्रमुख एक माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांपैकी, बाई होती. दल स्वयंसेवकांचं, एरवी ती कोपऱ्यावरची डेअरी चालवायची. डेअरी म्हणजे इकडे दूधकेंद्र नव्हे, आपलं वाण्याचं दुकान. ती पाटी दाखवून ती मला एकदा म्हणाली, "माझी खापरपणजी इथल्याच ओढ्यात ईल मासे धरायची. म्हणजे ती इतिहास सुरू होण्याआधीच जेवून गेली म्हणायची." मी हसलो. ती हसली नाही.

घराची देखभाल करणाऱ्या समितीचा अध्यक्ष गावातला मोठा शेतकरी होता. ते घर ज्याने बांधलं त्याचा हा थेट वंशज. साठी उलटलेला, उंच, हसतमुख, सगळ्यांच्या मदतीला धावणारा. शाळेतल्या मुलांना दर वर्षी तोच घर दाखवायचा आणि पणजोबा-खापरपणजोबांच्या कष्टांच्या गोष्टी सांगायचा. घराच्या वायव्येला पसरलेली शेतंही त्याचीच होती. मलाही तो आवडायचा, हे लिहून ठेवतो.

मार्च महिना होता. उन्हाळा संपत आला होता, गवत वाळून कडकडीत झालं होतं आणि उघड्यावर विस्तव पेटवायला पूर्ण बंदी होती. त्या दिवशी दुपारभर नॉर्वेस्टर वाहत होता. हा इकडचा वायव्येचा गरम वारा. तो सुटला की कुत्री उगाच भुंकतात आणि नवराबायको उगाच भांडतात. मग बऱ्याचदा संध्याकाळी वारा एकदम फिरतो आणि दक्षिणेकडून गार झोत येतो. त्या दिवशीही दिवस मावळताना वारा फिरला, आणि थोड्या वेळाने त्या घराच्या छपराने पेट घेतला.

बंब आला. मी रस्ता अडवला, शेजारची घरं रिकामी केली. अध्यक्ष ट्रॅक्टर घेऊन धावला आणि आग शेतांत पसरू नये म्हणून नांगराने मातीचा पट्टा काढू लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. छप्पर आत कोसळलं, पाळणा-पिंप सगळं गेलं, आणि मातीच्या भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. म्हाताऱ्या बाया चौकात उभ्या राहून रडत होत्या. ते रडणं खरं होतं, त्याची मी थट्टा करणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर खबर आली. खबर देणारे एक निवृत्त गृहस्थ होते. म्हणाले, "त्या भारतीय कुटुंबाने काल मागच्या अंगणात आग पेटवली होती. तिच्याभोवती गोल फिरले. मग तोंडावर हात मारून मारून ओरडत होते, लहान मुलगीसुद्धा."

मी फोन कानाला धरून डोळे मिटले. काल होळी होती. माझ्या घरीही पुरण शिजलं होतं.

ते गृहस्थ खोटं बोलत नव्हते. डोळ्यांनी पाहिलं तेच सांगत होते. पोलिसाला खोटारड्यांचा फारसा त्रास नसतो. त्रास होतो तो, जे दिसलं त्याचा अर्थही स्वतःच लावून देणाऱ्यांचा. जबाबात त्यांनी लिहून दिलं, 'ते लोक आनंदाने ओरडत होते.' होळीला बोंब मारतात हे मी त्यांना समजावलं. त्यांनी सभ्यपणे मान हलवली आणि जबाबातला शब्दही बदलला नाही.

आमच्याशिवाय गावात मराठी घर एकच होतं. नवरा पुण्याचा, गावातल्या वृद्धांच्या रुग्णालयात नर्स. आपल्याकडे त्याला ब्रदर म्हणतात. बायको घरून एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम करायची. मुलगी सात-आठ वर्षांची. मला काका म्हणायचे, सणाला ये-जा होती. मी गेलो तेव्हा मागच्या अंगणात लोखंडी घमेलं होतं. आत राख, राखेत काळा पडलेला नारळ. रिकार्टनच्या दुकानातून आणलेल्या गोवऱ्या आणि मूठभर काटक्या, एवढीच ती होळी.

मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "काका, माझ्याच हातून झालं."

"थांब. एक शब्द बोलू नकोस. आधी वकिलाशी बोल."

"वकील कशाला? मी काही लपवत नाहीये. फायर बॅन आहे हे मला माहीत होतं. एवढंसं घमेलं, म्हटलं काय होतंय. ठिणगी उडाली असणार. दुसरं कोण पेटवणार ते घर?"

"ठिणगी उडताना पाहिलीस?"

"नाही. पण वारा तिकडेच वाहत होता ना, काका."

वारा फिरल्यावर त्याच्या घराकडून त्या छपराकडेच वाहत होता, हे खरं होतं. त्याची बायको दारात उभी होती. रात्रभर झोपली नसावी. म्हणाली, "काका, तुम्ही तरी याला समजवा. रेसिडन्सची फाईल इमिग्रेशनकडे पडलीय. हा हरिश्चंद्र जाऊन कबूल करणार, कन्व्हिक्शन लागणार, याचं नर्सिंग जाणार, व्हिसा जाणार. मग बसू पुण्यात तिघं. पोरीला तिथली शाळा जमणार आहे का?"

मुलगी आतून म्हणाली, "आई, आर वी इन ट्रबल?"

तिची आई वळून आत गेली.

वरिष्ठांना मी लगेच फोन केला आणि सांगितलं की हा माणूस माझ्या ओळखीचा आहे, माझ्याच भाषेचा आहे, तपास दुसऱ्याकडे द्या. ते म्हणाले, मोकळा माणूस नाही. जबाब तूच घे, सगळं इंग्रजीत घे, सगळं कॅमेऱ्यावर घे, फाईल माझ्याकडे येईल. त्याप्रमाणे घेतला. त्याला त्याचे हक्क वाचून दाखवले. वकील हवा का, पुन्हा पुन्हा विचारलं. तो पुन्हा पुन्हा नाही म्हणाला. आपल्याकडच्या सभ्य, पगारी माणसाची ही खोड आहे. वकील केला म्हणजे आपण गुन्हेगार ठरलो, असं त्याला वाटतं. सराईत चोर बसल्या बसल्या आधी वकील मागतो आणि हे लोक आधी माफी मागतात.

शेवटी मी विचारलं, "घरात जाताना आगीवर पाणी टाकलंस?"

"नाही."

"का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. होळी विझवायची नसते. तिला आपली आपण शांत होऊ द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी तिची राख अंगाला लावायची. हे त्याला ठाऊक, मला ठाऊक. पण कॅमेऱ्यासमोर इंग्रजीत त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "आमच्यात ती विझवत नाहीत." फाईल वाचणाऱ्या माणसाला ते वाक्य कसं दिसलं असेल, याची कल्पना करा. बेपर्वाईचा गुन्हा त्याने स्वतःच लिहून दिल्यासारखं झालं.

माझं मन मानत नव्हतं. गोवरी भडकत नाही, धुमसते. ज्याने आंघोळीच्या बंबाचं पाणी गोवऱ्यांवर तापवलेलं पाहिलं आहे त्याला हे सांगावं लागत नाही. त्याच्याकडे उरलेल्या गोवऱ्या मी ताब्यात घेतल्या आणि अग्निशमन दलाच्या आवारात, पाण्याचे पाईप तयार ठेवून, दलाच्या प्रमुखबाईंसमोर घमेल्यात पेटवल्या. समोरून मोठा पंखा सोडला. धूर आमच्या डोळ्यांत गेला, राख भुरभुरली, पण दूरवर जाऊन काही पेटवेल अशी ठिणगी एकही उडाली नाही.

मी तसं वरिष्ठांना कळवलं. पलीकडून प्रश्न आला, "हे तू तपासी अधिकारी म्हणून सांगतोयस की भारतीय म्हणून?"

इतकी वर्षं वर्दी घातली, या गावातल्या दारुड्यांना घरी सोडलं, हरवलेली पोरं शोधली, पुरात छातीभर पाण्यात उतरलो, तेव्हा मला कोणी हा प्रश्न विचारला नव्हता. मी म्हटलं, "डोळे असलेला माणूस म्हणून सांगतोय." ते म्हणाले, "काटक्याही होत्या ना? त्यांची ठिणगी उडू शकते. कबुली आहे, साक्षीदार आहे, वारा आहे. आणखी काय हवं?" दोषारोपपत्र दाखल झालं. रुग्णालयाने त्याला निकाल लागेपर्यंत कामावरून दूर ठेवलं.

गावाने त्यांच्या घरावर दगड मारले नाहीत, खिडक्या फोडल्या नाहीत. तसं काही झालं असतं तर मला कामाला तरी लागता आलं असतं. लोकांनी फक्त हात करणं बंद केलं. मुलीला वाढदिवसांची बोलावणी येईनाशी झाली. माझ्याबद्दलही कुजबुज होतीच, आपल्या माणसाला पाठीशी घालतो म्हणून. जिच्या दुकानात ही कुजबुज चालायची ती दलाची प्रमुख तेवढी मला म्हणाली, "तू चिडलायस ते बरं आहे. पण चिडून फाईल लिहू नकोस."

मग गावाच्या सभागृहात चहापानाचा कार्यक्रम झाला, आग विझवणाऱ्यांचे आभार मानायला. त्यात अध्यक्षाचा खास सत्कार झाला, ट्रॅक्टर घेऊन जिवावर उदार झाल्याबद्दल. त्याने छोटं भाषण केलं. म्हणाला, "घर पुन्हा बांधता येईल. मला वाटतं, आपण त्या कुटुंबाला मनापासून क्षमा केली पाहिजे." लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तो नर्स शेवटच्या रांगेत बसला होता. न बोलावता आला होता. उठून उभा राहिला आणि साऱ्या गावासमोर त्याने हात जोडून माफी मागितली. अध्यक्षाने पुढे येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी दाराशी गणवेशात उभा होतो, हे सगळं पाहत.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अध्यक्षाची आई त्याच रुग्णालयात होती. नव्वदी ओलांडलेली, डोळ्यांनी जवळजवळ आंधळी, कानांनी मात्र तीक्ष्ण. तो नर्स तिला आजी म्हणायचा. तिने अर्थ विचारून घेतला होता आणि मग इतरांनीही आपल्याला आजीच म्हणावं असा हट्ट धरला होता. सकाळची लापशी ती त्याच्याच हातून खायची. त्याला कामावरून दूर केल्यावर ती रोज विचारायची, तो कुठे आहे. तिथल्या मुख्य परिचारिकेने मला हे सांगितलं. खाणं कमी होत गेलं. वय झालं होतं, त्यामुळे मी कोणावर ठपका ठेवत नाही. एप्रिलमध्ये ती गेली.

दगडी चर्चमध्ये अंत्यविधी होता. नर्सला जायचं होतं. समितीकडून त्याला निरोप आला की सध्याच्या वातावरणात त्याने न येणं बरं. तो आला नाही. मी बाहेर गाड्या लावून देण्याच्या कामावर होतो आणि आतून प्रार्थनेचे सूर ऐकू येत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी न्यायालयासाठी अध्यक्षाचा जबाब हवा होता. समितीचं काय नुकसान झालं, गावाला काय वाटलं, असा. आगीच्या दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या जबाबात त्याने सही करून दिलं होतं की त्या दिवशी त्याच्या शेतात कुठेच विस्तव नव्हता. मी सकाळी त्याच्या शेतावर निघालो. त्या मोसमातलं पहिलं दव गोठलं होतं. सगळं मैदान पांढरंफटक. कुंपणाच्या तारा, गवत, मेंढ्यांच्या पाठी, सगळ्यावर बर्फाची साखर. त्याच्या फाटकाशी गाडी थांबवून मी उतरलो आणि जुन्या घराच्या बाजूला असलेल्या त्याच्या शेतावर नजर गेली. पांढऱ्या शेतात एका कोपऱ्यात काळा, ओला, भला मोठा डाग होता. तिथे दव गोठलंच नव्हतं. नीट पाहिलं तर त्यावर वाफ तरंगत होती.

जमीन अशी उगाच गरम होत नाही. त्या कोपऱ्यात पूर्वी उंच झाडांची वारा अडवणारी रांग होती. फिरतं पाणी देणारं मोठं यंत्र बसवायचं म्हणून अध्यक्षाने ती बुंध्यासकट उपटली होती आणि ढीग करून जाळली होती. हे गावाला माहीत होतं. बंदी लागण्याआधी जाळली होती, त्यामुळे कायदेशीरच होतं. पण अशा ढिगाच्या पोटात मुळं महिनोन्महिने धुमसत राहतात, म्हणून ढीग उकरून, पाणी मारून खात्री करायची असते. आता तिथे ढीग नव्हता. वर नांगरलेली माती होती. आगीच्या दिवशी त्याने काढलेला पट्टा तिथून बराच दूर होता. मग इतक्या आत, या कोपऱ्यात, त्याने नांगर कशाला घातला होता?

मी फाटकाच्या आत गेलो नाही. रस्त्यावरूनच छायाचित्रं घेतली, परत फिरलो, वॉरंट मिळवलं. मगच दलाची प्रमुख आणि खोदणारं यंत्र घेऊन गेलो. एवढ्या कामात दव वितळून गेलं होतं, पण उष्णता दाखवणाऱ्या तिच्या कॅमेऱ्यात तो कोपरा लाल दिसला. यंत्राने माती बाजूला केली तशी खालून मुळं निघाली, आतून निखारा झालेली. वारा लागताच त्यांनी भसकन पेट घेतला. अध्यक्ष कुंपणापाशी उभा होता. तो काहीही बोलला नाही, आणि एरवी बोलल्याशिवाय राहणारा तो माणूस नव्हता.

त्याला ठाण्यात बोलावलं. तो वकील घेऊन आला. चांगलं केलं, हक्कच आहे त्याचा. मी कॅमेरा सुरू केला, हक्क वाचून दाखवले आणि एकच प्रश्न विचारला, "त्या कोपऱ्यात नांगर केव्हा घातलास?" मग मी गप्प बसलो. नोकरीत शिकलेली ही युक्ती आहे. ज्याचं आयुष्यभर लोकांनी ऐकून घेतलं आहे, त्याला समोरच्याची शांतता सोसत नाही. वकिलाने त्याच्या बाहीला हात लावला. त्याने तो बाजूला केला.

"त्या दुपारी वाऱ्याने ढीग पुन्हा पेटला," तो म्हणाला. "कुंपणाच्या बाजूने धूर दिसला. मी पाणी मारलं. वाटलं, विझला. जुन्या घराकडे ठिणग्या गेल्या असतील असं मनात आलं, पण तिथे काही दिसलं नाही."

छपराच्या गवतात ती ठिणगी आत आत धुमसत राहिली होती. वारा फिरला तेव्हा तिला हवा मिळाली आणि नर्सची होळी तर तोवर घमेल्यात शांतही होत आली होती.

"मग ट्रॅक्टर?"

"आधी पट्टा काढला, खरंच काढला. मग ढिगावर माती ओढली. माझ्याच माणसांनी बांधलेलं घर होतं ते. ते माझ्या हातून जळलं, हे मी गावाला कसं सांगणार होतो?"

इथवर मी समजू शकत होतो. ती आग अपघात होती. त्याच रात्री तो दाराची घंटा वाजवून म्हणाला असता की बाबा रे, माझ्या ढिगाने घात केला, तर मी त्याला चहा दिला असता आणि गावानेही त्याला पदरात घेतलं असतं. मी विचारलं, "आणि तो माणूस? त्याच्यावर दोषारोप लागला, काम गेलं, देशातून जायची पाळी आली. तुला हे सगळं माहीत होतं."

"मी त्याच्यावर कधीच आरोप केला नाही," तो म्हणाला. "त्यानेच कबूल केलं. मला वाटलं, त्याने मान्य केलंच आहे, तर आता दोन कुटुंबांनी कशाला भोगायचं?"

त्याच्या कानाखाली वाजवावी असं मला वाटलं. अगदी स्पष्ट लिहितो, वाटलं. मी वाक्य नीट नोंदलं गेलं आहे ना ते पाहिलं, वेळ सांगितली आणि कॅमेरा बंद केला. वडील म्हणायचे, हवालदाराने हात उचलला की आरोपी सुटला. त्या दिवशी मी फक्त तेवढ्यासाठी बसून राहिलो.

नर्सवरचा दोषारोप मागे घेतला गेला. अध्यक्षावर खोटा जबाब आणि पुरावा लपवल्याचा खटला झाला, तो दोषी ठरला, समाजसेवेची शिक्षा झाली. समितीचं पद गेलं. बंदीच्या काळात विस्तव पेटवल्याची नोटीस मात्र मी नर्सला माझ्या हाताने लिहून दिली, कारण नियम तो नियम. "बरोबर आहे, काका," तो म्हणाला आणि सही केली. त्याची बायको माझ्याशी महिनाभर बोलली नाही. तिचंही बरोबर होतं.

गावातले काहीजण केक घेऊन त्यांच्या दारात गेले. खबर देणारे गृहस्थ गेले आणि बराच वेळ बसले, हे त्यांच्याबद्दल सांगायला हवं. पण दुकानात, क्रिकेटच्या मैदानावर, चर्चच्या पायऱ्यांवर मी काय ऐकलं? "बिचारा, त्याच सुमारास त्याची आईही गेली ना." "घराण्याच्या नावाचं केवढं ओझं असतं एखाद्यावर." शिक्षा लागलेल्या माणसासाठी या गावाकडे बिचारा हा शब्द तयार होता. निर्दोष माणूस शेवटच्या रांगेत हात जोडून उभा होता, तेव्हा तो शब्द कोणाला सापडला नव्हता.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. मी त्यांना सांगतो, कबुली हाती आली की तपासाला खरी सुरुवात झाली असं समजा. खोटं बोलणाऱ्याला आपण दहादा तपासतो आणि खरं बोलणाऱ्याला त्याच्याच शब्दात बांधून मोकळे होतो. प्रामाणिक माणूस चुकीचा असू शकतो. तो स्वतःविरुद्ध साक्ष देत असेल तेव्हा त्याला पोलिसाची सगळ्यात जास्त गरज असते. हे मी भाषणात सांगतो, लोक टिपून घेतात. पण राग त्याने जात नाही. तो दुसऱ्याच कारणाने राहिला आहे.

नर्स पुन्हा कामावर रुजू झाला त्या आठवड्यात तो ठाण्यात आला. मी चहा टाकला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, "काका, मी का येत नव्हतो ते आजींना कोणी सांगितलं होतं का?"

मला माहीत नव्हतं. शिक्षेच्या कागदपत्रांसाठी अध्यक्षाची गाठ पडली तेव्हा मी त्याला विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "ती सारखी विचारायची. मी सांगितलं, तो त्याच्या देशात परत गेला. निरोप घ्यायला वेळ नव्हता त्याला. तेवढंच सोपं होतं."

नर्सला मी काय सांगायचं, यावर घरी बायकोशी बोललो. ती म्हणाली, त्याला खोटं सांगणार असाल तर तुमच्यात आणि त्या माणसात फरक काय? मी त्याच्या घरी गेलो आणि जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. तो ओट्याशी उभा राहून मुलीचा डबा भरत होता. डब्याचं झाकण लावून झालं तरी तो ते दाबतच राहिला.

"म्हणजे आजी माझ्यावर रुसून गेल्या," तो म्हणाला.

खोट्या जबाबाला कलम आहे, पुरावा लपवायला कलम आहे. मरणाऱ्या आईला तिच्या माणसाबद्दल खोटं सांगितलं, त्याला कोणत्याही कायद्यात कलम नाही आणि त्यासाठी मी त्या माणसाला आजवर माफ केलेलं नाही.